बांधावरचा साग, वखारीतला साग

मागच्या उन्हाळ्यात घराच्या पुढच्या दाराची चौकट बदलायची वेळ आली. वाळवीनं दोन्ही पाय खाल्ले होते. आमचे सुतार आप्पा आणि मी जळगावच्या एका वखारीत गेलो. आप्पांनी एका ओंडक्यावर नख ओढलं, कापलेल्या तोंडाशी नाक नेलं आणि विचारलं, "हाऊ माल कोठला से?"

"इक्वेडोरचा. कांडल्याहून येतो."

आप्पांना ते कच्छातलंच एखादं गाव वाटलं. मलाही घरी येऊन नकाशा पाहावा लागला. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा लहानसा देश. तिथं साग मूळचा नाही, आपल्याच भागातून जगभर गेलेल्या झाडाची तिथं लागवड झाली. तो ओंडका अर्धी पृथ्वी फिरून कांडला बंदरात उतरला आणि तिथून ट्रकनं जळगावला आला.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. त्या शेताच्या बांधावर वडिलांनी 1996 साली लावलेला साग आज उभा आहे. शंभराच्या वर झाडं, त्यातल्या चांगल्यांची गोलाई तीन फुटांच्या पुढं गेलेली. चौकटीला हवं होतं जेमतेम तीन घनफूट लाकूड. एका झाडात काम झालं असतं. तरी आम्ही इक्वेडोरचा साग विकत आणला, कारण सोयीचं तेच होतं. हे असं का व्हावं, यावर वर्षभर डोकं चाललं आहे, म्हणून हा लेख.

विकसनशील देशातल्या लाकडाबद्दल बोलायची एक ठरलेली रीत आहे. लोकसंख्या वाढते, घरं वाढतात, म्हणून मागणी अमुक. जंगल मर्यादित, म्हणून पुरवठा तमुक. मधली राहिली ती तूट. मग तूट भरायला एखादं झटपट वाढणारं झाड शोधायचं आणि त्याची रोपं वाटायची. मला हा हिशेबच संशयास्पद वाटतो. त्यात बांधावरचा साग पुरवठ्याच्या बाजूला धरलेला नसतो, आणि सातपुड्यातल्या मोलगीच्या बाईच्या डोक्यावरची मोळी मागणीच्या बाजूला. ज्या दोन गोष्टी खानदेशात रोज डोळ्यांना दिसतात, त्या गाळून केलेली ही वजाबाकी.

आधी सागाचं बोलू. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीनं जंगल हे महसुलाचं साधन नाही असं ठरवलं. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या आराखड्याशिवाय, होणारी जंगलतोड थांबवली, आरागिरण्यांवर लगाम आणला. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. यावलच्या अभयारण्यात आज जो काही साग, सालई आणि अंजन शिल्लक आहे, तो या निर्णयांविना कितपत राहिला असता याची शंकाच आहे. पण जंगलाचं दार लावताना शेताचं दार उघडायचं राहून गेलं. लोकांना दारं-खिडक्या तर लागतच होत्या. ती गरज म्यानमारच्या सागानं भागवली. त्या देशानं 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हा व्यापारी आफ्रिकेकडं आणि दक्षिण अमेरिकेकडं वळले. 'बर्मा' हा शब्द मात्र वखारीत अजून चालतो, जसा डालड्याचा डबा रिकामा झाल्यावरही डालड्याचाच राहतो.

आता शेताच्या दाराचं. वनखात्याच्या भाषेत याला 'मालकी प्रकरण' म्हणतात. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. खैर, चंदन, आंबा, चिंच, मोह, तिवस, अंजन हेही आहेत. शेत तुमचं, रोप तुम्ही आणलेलं, पाणी तुमच्या विहिरीचं, तरी तोडायचं तर अर्ज. सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी. नसेल तर आधी तलाठ्याकडं खेटे. शेत जंगलाला लागून असेल तर हद्दीची मोजणी. मग झाडांवर नंबर, पंचनामा, तोडीची परवानगी. तोडल्यावर पुन्हा मोजमाप, ओंडक्यांवर हातोड्याची निशाणी, शेवटी वाहतुकीचा पास. यातली एकेक पायरी घ्या, प्रत्येकीला काहीतरी कारण आहे. सगळ्या मिळून मात्र शेतकरी थकतो.

वडिलांनी 2016 साली वीस झाडांचं प्रकरण घातलं. पहिलं वर्ष नोंदीत गेलं, दुसरं मोजणीत. तिसऱ्या वर्षी कळलं की मोजणीचा नकाशा ज्या फायलीला जोडायचा ती फाईल बदली झालेल्या साहेबांच्या टेबलावरून पुढं सरकलीच नव्हती. मग एक दिवस शेजारच्या तालुक्यातून व्यापारी आला. खाटेवर बसला, चहा घेतला, म्हणाला, "नाना, पासचं मी पाहतो. तुम्ही फक्त सही करा." वडील थकले होते. त्यांनी सही केली.

व्यापाऱ्यानं फीत काढली तेव्हा मी तिथं होतो. गोल लाकूड मोजायची आपल्याकडची जुनी पद्धत अशी: गोलाईचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. तीन फूट गोलाईचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीनं 5.6 घनफूट भरतो. शाळेतल्या भूमितीनं काढला तर तोच 7.2 च्या आसपास येतो. म्हणजे शंभरातले साडेएकवीस घनफूट फितीतच जातात. चिरताना भुसा आणि फळकूट वाया जातं, त्याची ही वजावट, असं व्यापारी सांगतात, आणि ते सपशेल खोटंही नाही. पण त्याच व्यापाऱ्यानं पुढं कोवळ्या झाडातल्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाची वेगळी घट कापली, सालीची वेगळी, आणि पासची कटकट त्याची म्हणून त्याचे वेगळे. शेवटी घनफुटाचा हिशेब सोडून उभ्या झाडाचा ठोक भाव ठरला. कायद्यानं झाडाचं रक्षण केलं की व्यापाऱ्याच्या गल्ल्याचं, हे मला त्या दिवसापासून नीट सांगता येत नाही.

केळीशी ताडून पाहा. रावेरचा, बऱ्हाणपूरचा केळीचा भाव रोज शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर येतो. भावावरून भांडणं होतात, आंदोलनं होतात, व्यापारी भाव पाडतात अशी ओरड होते. पण निदान भांडायला एक आकडा असतो. वीस-तीस वर्षं सांभाळलेल्या सागाचा आजचा भाव काय, हे चोपड्यात कुणाला विचारायचं? भाव ठाऊक नाही आणि विकता येईल का याची खात्री नाही, असं पीक कोण लावेल? पंजाब-हरियाणातला शेतकरी पॉपलर आणि निलगिरी लावतो, यमुनानगरचे प्लायवूडचे कारखाने त्यावर चालतात. तिथल्या मातीत जादू नाही. झाड तोडायला अडथळा कमी आहे आणि माल घेणारा बाजार समोर आहे, एवढंच.

इथं चाणाक्ष वाचक मला अडवेल. निंब आणि बाभूळ त्या अनुसूचीत नाहीत; मग ती झाडं खानदेशात भरभराटीला यायला हवी होती. उलट बांधावरचे निंब दरवर्षी कमी होतायत, आणि निंबाच्या खोडांनी लादलेले ट्रॅक्टर पहाटे आरामशीनकडं जाताना कुणीही पाहू शकतो. मोकळीक दिली तर सागाचंही असंच होणार नाही कशावरून?

या आक्षेपात दम आहे. पण निंब कुणी लावलेला नव्हता. पक्ष्यानं टाकलेल्या लिंबोळीतून तो आला, बांधावर वाढला, गुरांना आणि माणसांना सावली देत राहिला. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आला, ठिबकच्या नळ्या आल्या, केळीला आणि कपाशीला सावली नको झाली, वाटण्यांत बांधच बोटभर झाले. आजोबांच्या काळी त्याच बाभळीतून वखर आणि गाडीची चाकं व्हायची, सुताराला बलुतं मिळायचं. आता गाडीला टायर आहेत आणि वखर लोखंडी. झाडाचं शेतातलं कामच संपलं, म्हणून ते मिळेल त्या भावात गेलं. कायद्यानं अडवलेला साग कुणी लावत नाही आणि मोकळा निंब कुणी राखत नाही, या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शेतकऱ्याला उभ्या झाडातून चार पैसे दिसत नाहीत. नुसती मोकळीक देऊन भागणार नाही हे मात्र मला मान्य आहे.

पैसे दिसले की काय होतं, त्याचेही दोन वाईट अनुभव आपल्या पदरी आहेत. 1990 च्या दशकात सागवान कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता. ऊतीसंवर्धित रोप, वीस वर्षांत लाखो रुपये, अशा जाहिराती पेपरात पान-पानभर यायच्या. शिक्षकांनी, एसटीतल्या लोकांनी भविष्यनिर्वाह निधी मोडून त्यात पैसे घातले. सेबीनं 1999 साली अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले, तोवर अनेकांचं भांडवल झाडांआधीच वाळलं होतं. वडिलांनी त्या काळात कंपनीत पैसे न घालता रोपंच आणून लावली, हा त्यांचा शहाणपणा. आज तेच नाटक महोगनी आणि मलबार निंबाच्या नावानं पुन्हा रंगात आलं आहे.

दुसरा अनुभव सरकारी, आणि तो सरपणाकडं नेतो.

आपल्या देशात दरवर्षी जेवढं लाकूड निघतं, त्यातलं बहुतेक चुलीत जातं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार शंभर घनमीटरमागं ऐंशीहून अधिक. चौकटी, प्लायवूड, कागद हे सगळं उरलेल्यात. म्हणजे लाकडाचा प्रश्न मुळात स्वयंपाकाचा आहे. 1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगानं हे ओळखून सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. गावाजवळ, पडीक जमिनीवर, शेतात जळणाची झाडं लावा, म्हणजे जंगलावरचा बोजा उतरेल. विचार चांगला होता. 1982 साली महाराष्ट्रात स्वतंत्र खातं झालं, परदेशी मदत आली, निलगिरी आणि सुबाभळीची रोपं गाड्या भरून वाटली गेली. झाडं वाढलीही. पण जी वाढली ती सरळ, बल्लीच्या मापाची आणि लगद्याच्या कामाची. ती बांधकामाला गेली, कागदाच्या गिरण्यांना गेली. चुलीपर्यंत पोचल्या त्या वरच्या काटक्या. बाजारात पैसे देणाऱ्याची मागणी आधी भागते, हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. पण नियोजनाच्या कागदावर बिल्डरची आणि धडगावच्या बाईची मागणी एकाच रकान्यात लिहिली होती.

अर्थशास्त्रात मागणी म्हणजे ऐपतीसह असलेली इच्छा. ज्या बाईकडं पैसे नाहीत तिची मागणी शून्य, चूल मात्र रोज दोनदा पेटते. ती वखारीत जात नाही. अक्राणीच्या डोंगरात ती पहाटे कोयता घेऊन निघते आणि दुपारी मोळी घेऊन येते. लाकूड लांब गेलं तर ती लांब चालते. त्याहून लांब गेलं तर तुराट्या, गवऱ्या, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) जाळते. तज्ज्ञांनी भाकीत केलेला सरपणाचा महादुष्काळ त्यांच्या हिशेबाप्रमाणे आला नाही, कारण बायकांनी तो आपल्या पायांनी आणि फुप्फुसांनी भरून काढला. त्या पायपिटीची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडायची नाही.

उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि तिनं फरक पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या गावात जवळपास प्रत्येक घरात शेगडी आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली साधारण 43 टक्केच घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती. सिलिंडर घरात असणं वेगळं आणि ते संपल्यावर पुन्हा भरून आणणं वेगळं. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, ही आमच्याकडची सर्रास रीत. भाकरी चुलीवरचीच गोड लागते असं म्हणणारे बहुधा चूल फुंकणाऱ्यांपैकी नसतात, हे जाता जाता.

तापीकाठच्या सपाट तालुक्यांत सरपण म्हणजे पऱ्हाटी. कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की पऱ्हाटी उपटून बांधावर तिची गंजी रचायची, आणि भूमिहीन मजुरांनी ती उपटून देण्याच्या बदल्यात फुकट न्यायची, असा वर्षानुवर्षांचा अलिखित करार आहे. आता त्याला दोन बाजूंनी धक्के बसतायत. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत दडून राहते म्हणून गंज्या बांधावर ठेवू नका, असं कृषी खातं सांगतं आणि ते बरोबरच आहे. दुसरीकडं पऱ्हाटीचा भुगा करून दाबलेल्या कांड्या, म्हणजे पांढरा कोळसा, कारखान्यांच्या बॉयलरला जायला लागल्या आहेत. कोळशाच्या वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावं असं केंद्राचं 2021 चं धोरण आहे, आणि भुसावळजवळचं दीपनगरचं वीजकेंद्र आमच्या कपाशीच्या पट्ट्यातच आहे. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे सगळं छानच. शेतकऱ्याला टाकाऊ वस्तूचे पैसे मिळतील, त्याचंही मी स्वागत करतो. फक्त ज्या दिवशी पऱ्हाटीला टनाचा भाव लागेल, त्या दिवसापासून मजूर बाईला ती फुकट मिळणार नाही. मग ती सिलिंडर भरेल, की सातपुड्याच्या दिशेनं चालू लागेल? हा प्रश्न कोणत्याही धोरणाच्या मसुद्यात असायला हवा. मला तो कुठं दिसलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की या दोन मागण्या वेगळ्या आहेत, त्यांची सोय वेगवेगळ्या ठिकाणी व्हायला हवी. पैसे देऊ शकणाऱ्याचं लाकूड शेतातून यावं, जंगलातून नको. आणि जंगलावर पहिला हक्क जंगलालगतच्या गावाच्या चुलीचा असावा, गावानं राखायच्या अटीवर. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं हे करून दाखवलं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः ठरवली, दंड स्वतः लावला, आणि उजाड डोंगरावर अकराशे एकरांच्या आसपास जंगल उभं राहिलं. 2025 साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली तेव्हा सत्कार भरपूर झाले. शेजारच्या किती गावांना तसं जंगल राखायला दिलं, हे विचारायला हवं. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काची तरतूद आहे. नंदुरबार-धुळ्यात वैयक्तिक दाव्यांच्या गर्दीत ती मागं पडते असं माझं निरीक्षण आहे.

शेताच्या बाजूला खरा अडसर चोरीचा. मालकीच्या पासावर जंगलातला साग काढायचा, हा धंदा जुना आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याला मध्य प्रदेशाची हद्द हाकेवर असताना वनखात्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. सरसकट परवानगी काढून टाका असं म्हणणाऱ्या शेतकरी नेत्यांशी मी इथं सहमत नाही. पण झाड कुठलं, हे सिद्ध करायला तोडायच्या वेळी तीन वर्षं घालवण्यापेक्षा लावायच्या वेळी नोंद घ्या. ई-पीक पाहणीचं अॅप 2021 पासून राज्यभर आहे. त्यात शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि बांधावरची झाडंही नोंदवू शकतो. सलग पाच-सात वर्षं ज्या झाडांची अशी नोंद आहे, त्यांच्या तोडीला महिन्याच्या आत परवानगी, आणि नोंद नसलेल्यांना जुनी वाट.  पासाची ऑनलाइन व्यवस्था देशपातळीवर आली आहे. पण पास ही शेवटची पायरी, दम त्याआधीच लागतो. आणि बाजार समितीत आठवड्यातून एक दिवस लाकडाचा उघडा लिलाव व्हावा, मोजमाप फळ्यावर लिहून. पहिल्या वर्षी दहा ओंडके येतील. येऊ देत. चोपड्याच्या शेतकऱ्याला निदान सागाचा भाव कळेल.

लाकडाला पर्याय आहेत, असं कुणी म्हणेल. आहेतच. रेल्वेनं लाकडी स्लीपर सोडून काँक्रीटचे घेतले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं 1993 पासून आपल्या इमारतींत लाकूड बंद केलं होतं. खेड्यात धाब्याची घरं पडतात आणि त्यांचे सर, कड्या, खांब जुन्या लाकडाचे व्यापारी उचलून नेतात. त्या जागी स्लॅब येतो, त्याला लोखंडी चौकटी आणि प्लास्टिकची दारं. "आते लाकूडनं दार कोन लेस?" असं आप्पा स्वतः म्हणतात, आणि त्यांचा मुलगा आता अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. पण सिमेंट, लोखंड आणि अॅल्युमिनियम बनवायला किती कोळसा जळतो याचा हिशेब लोकांना उशिरा सुचला. त्या विभागानंही 2020 साली ती बंदी उठवली. लाकूड वापरायला पुन्हा परवानगी मिळाली, ते पिकवणाऱ्याला मात्र अजून नाही.

आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनी मध्यंतरी मला महोगनीचं एक चकचकीत पत्रक दाखवलं. एकरी इतके लाख, बारा वर्षांत. मी विचारलं, "बारा वर्षांनी घेणार कोण? कोणत्या वखारीत, घनफुटाला काय भावानं, आणि मोजणार कुणाच्या फितीनं?" त्यांनी पत्रक उलटून पाहिलं. मागं कंपनीच्या माणसाचा मोबाईल नंबर होता, तो त्यांनी माझ्यासमोरच लावला. बंद होता. वडिलांचा उरलेला साग तसाच उभा आहे. यंदा मी त्याची ई-पीक पाहणीत नोंद करायला गेलो, तर एका फोटोत दोनच झाडं मावत होती.